उचल बाकी असली तरी मजूर मोकळाच: वेठबिगारीतून सुटकेचा कायदेशीर मार्ग

ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याने मूल आजारी पडले म्हणून चार दिवस गावी जायचे म्हटले आणि मुकादमाने "आधी उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फेड, मग कुठं जायचं तिथं जा" असे सुनावले, तर तो नुसता देण्याघेण्याचा वाद राहत नाही. माणसाला कर्जासाठी अडकवून ठेवणे हा आपल्या देशात गुन्हा आहे आणि तो गुन्हा ठरवण्याची आज्ञा थेट संविधानाने दिलेली आहे. तरीही अशी तक्रार पोलीस ठाण्यात गेली की बहुतेक वेळा "हा पैशाचा व्यवहार आहे, आपसात मिटवा" असेच उत्तर मिळते. मजुरालाही ते पटते, कारण पैसे घेतल्याचे त्याच्या मनावर ओझे असते. या लेखातली प्रत्येक पायरी त्या एका उत्तराला तोंड देण्यासाठी आहे. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, कोळशाच्या भट्टीवर, मेंढ्यांमागे किंवा एखाद्याच्या शेतात कुणी अडकले असेल, तर कुणाकडे जायचे, कागदावर काय लिहायचे आणि कोणता कागद हातात आल्याशिवाय जागचे हलायचे नाही, ते इथे क्रमाने सांगतो.

संविधान काय म्हणते

अनुच्छेद २३ माणसांचा अपव्यापार, बेगार आणि सक्तीच्या मजुरीचे तसलेच इतर प्रकार यांना मनाई करतो आणि मनाई मोडणे हा शिक्षापात्र अपराध ठरवतो. मूलभूत हक्कांपैकी बहुतेक हक्क सरकारविरुद्ध मागायचे असतात. अनुच्छेद २३ मात्र भट्टीमालक, मुकादम, बागायतदार अशा खासगी माणसालाही लागू होतो. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ आणि १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी करणारा अनुच्छेद २४ हेही याच जातीचे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. महार वतनाच्या नावाखाली गावकी आणि सरकारी कामे फुकटात करून घेतली जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याविरुद्ध १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, १९३७ साली खोतीविरुद्ध, म्हणजे कोकणातल्या खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, मांडले. अनुच्छेद २३ मधला 'बेगार' हा शब्द ज्यांनी अंगावर सोसला, त्यांची माणसे संविधान घडवत होती. म्हणून हा अनुच्छेद मला कधी कोरडे कलम वाटत नाही.

१९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाचा अर्थ रुंद केला. न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने म्हटले की सक्ती केवळ काठीची नसते. दुसरा पर्यायच नसल्यामुळे, गरिबीपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबत असेल तर तीही सक्तीची मजुरी होय. पुढे १९८३ च्या डिसेंबरात फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक दार उघडले: मजूर सक्तीने राबतो आहे असे दिसले, की ते काही आगाऊ रकमेच्या बदल्यात आहे असे गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे मालकाने दाखवायचे. हे प्रकरण एका पत्रावरून सुरू झाले होते.

प्रत्यक्ष कामाला येतो तो कायदा म्हणजे बंधबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६. कायद्यातला 'बंधबिगार' म्हणजेच आपला वेठबिगार. पुढे मी त्याला '७६ चा कायदा' म्हणेन. त्यातल्या काही गोष्टी मजुराला तोंडपाठ असायला हव्यात. बंधबिगारीचे प्रत्येक कर्ज कायद्याने संपलेले आहे, ते फेडायची जबाबदारी उरलेली नाही (कलम ६). त्यासाठी केलेला करार, स्टॅम्प पेपर, अंगठा, सगळे रद्दबातल (कलम ५). त्या वसुलीचा दावा कोणत्याही दिवाणी न्यायालयात चालत नाही. आणि हे बंधबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करायचे ओझे सावकारावर, म्हणजे उचल देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही (कलम १५). संपलेले कर्ज जो वसूल करील त्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते (कलम ९).

पहिली पायरी: ही वेठबिगारी आहे का, ते तपासा

उचल घेतली म्हणजे लगेच वेठबिगारी झाली असे नाही. उचल घेणारा मजूर मनात आले तर काम सोडून जाऊ शकतो, त्याला पुरती मजुरी मिळते आणि उरलेली रक्कम तो सवडीने फेडू शकतो, असे असेल तर प्रश्न वेगळा. ७६ च्या कायद्याची व्याख्या दोन भागांत समजून घ्या.

आधी कारण बघायचे. मजूर तिथे का बांधला गेला? त्याने स्वतः घेतलेली उचल किंवा बयाणा, बापाने किंवा भावाने घेतलेले कर्ज, एखादी रूढी, किंवा एखाद्या जातीत झालेला जन्म, यातले कोणतेही कारण चालते. पाडव्याला ठरलेला सालगडी वर्ष संपले तरी "बाकी आहे" म्हणून सुटत नाही, तोही यात बसू शकतो.

मग परिणाम बघायचा. पुढच्या चारपैकी एक जरी गोष्ट हिरावली गेली असेल तरी पुरे: वाजवी मजुरी, दुसरीकडे काम करण्याची मोकळीक, हवे तिथे जाण्यायेण्याची मोकळीक, आपली मेहनत किंवा आपला माल बाजारभावाने विकण्याची मोकळीक. चारही हिरावल्या पाहिजेत असे कायदा कुठेही म्हणत नाही. चौकशीला आलेला अधिकारी "यांना कुठे साखळीने बांधले आहे? बाजाराला तर जातात" असे म्हणाला, तर त्याच्यापुढे ही व्याख्या ठेवा. नवरा बाजाराला जातो तेव्हा बायकोमुले भट्टीवर ठेवून घेतली जातात का, हा प्रश्न तिथेच विचारायचा.

कंत्राटी आणि परप्रांतातून आलेल्या मजुरांबद्दल "ते या कायद्यात येत नाहीत" असेही ऐकू येते. १९८५ साली कायद्यात दुरुस्ती करून हे स्पष्ट केले आहे की वरच्या गोष्टी लागू होत असतील तर कंत्राटी आणि आंतरराज्य स्थलांतरित मजूरही बंधबिगारच.

आता हिशोब बघू, कारण फास हिशोबातच असतो. आकडे फक्त समजायला घेतो, दर ठिकठिकाणी वेगळे. एका जोडप्याने दिवाळीआधी ३०,००० रुपये उचल घेतली. भट्टीवर आठवड्याला १,५०० रुपये खर्ची (खाण्यापिण्यासाठी हातखर्च) मिळते, २६ आठवड्यांची झाली ३९,०००. म्हणजे मालकाच्या वहीत त्यांच्या नावे ६९,००० रुपये. दोघांनी मिळून रोज ८०० विटा थापल्या, १५० दिवसांत १,२०,००० झाल्या. हजारी ५०० रुपये दर धरला तर मजुरी ६०,०००. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो तेव्हा सहा महिने राबून वर ९,००० बाकी निघते, आणि ती "पुढच्या हंगामात फेडा" म्हणून पुढे ओढली जाते. फुटलेल्या विटा, पावसाने भिजलेला थर, आजारपणाचे खाडे हे कापले की बाकी आणखी फुगते.

आता हाच हिशोब उलटा मांडा. दोन माणसे, प्रत्येकी १५० दिवस, म्हणजे ३०० मनुष्यदिवस. ६०,००० ला ३०० ने भागले की रोजची मजुरी माणशी २०० रुपये. त्या धंद्यासाठी शासनाने ठरवलेल्या किमान वेतनाशी हा आकडा ताडून पाहा. कमी भरला, तर मजुराकडे मालकाची बाकी नसून मालकाकडे मजुराची बाकी आहे. बाईचे नाव वहीत बहुधा नसतेच, 'जोडी' किंवा 'कोयता' म्हणून एकच नाव लिहितात. भागाकार करताना तिला आणि हाताखाली राबणाऱ्या थोरल्या पोरांना धरायला विसरू नका.

दुसरी पायरी: माहिती जमवा, पण गाजावाजा न करता

तक्रारीची कुणकुण लागली की मजुरांना रातोरात दुसऱ्या भट्टीवर हलवले जाते, किंवा "आम्ही खुशीने आलोय" असे वदवून घेतले जाते. म्हणून सगळे ठरेपर्यंत मालकाशी, मुकादमाशी किंवा गावातल्या त्यांच्या माणसांशी वाद घालू नका. स्वतः जाऊन माणसे सोडवून आणण्याच्या फंदात तर पडूच नका. ते मजुरांच्याच जिवावर येते, आणि कायदेशीर सुटका झाल्याचा कागदही राहत नाही.

जमवायची माहिती साधी आहे. प्रत्येक मजुराचे नाव, अंदाजे वय, गाव, तालुका, जिल्हा, जात किंवा जमात. मुले किती आणि ती काम करतात का. कामाचे ठिकाण: गट नंबर माहीत नसला तरी जवळचा रस्ता, ओढा, देऊळ, मोबाइलवरचे लोकेशन. मालकाचे आणि मुकादमाचे नाव. उचल किती, कधी, कुणाच्या हातून घेतली. कामाचे तास. मारहाण, शिवीगाळ, बाईवर हात टाकणे, फोन काढून घेणे, आधार कार्ड ठेवून घेणे असे काही झाले का. आणि सगळ्यात मोलाचे: जायचे म्हटल्यावर मालक काय म्हणाला, ते शक्य तितके त्याच्याच शब्दांत.

मजुराकडे खर्चीची चिठ्ठी किंवा हिशोबाची छोटी वही असते. तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. तीवर सही नसली, तारखा पुसट असल्या तरी चालेल. पुरावा नाही म्हणून तक्रार अडवून ठेवू नका, सिद्ध करण्याचे ओझे कुणावर आहे ते वर सांगितलेच आहे.

जिवाला तातडीचा धोका असेल तर आधी ११२ ला फोन लावा. मूल अडकले असेल तर १०९८.

तिसरी पायरी: अर्ज कुणाला द्यायचा

७६ च्या कायद्यात मुख्य जबाबदारी पोलिसांची नसून जिल्हाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आहे. त्यांच्या खाली प्रांत, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी. ज्या जिल्ह्यात मजूर राबतो आहे, तिथल्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. बीडचा मजूर कोल्हापूर जिल्ह्यात अडकला असेल तर अर्ज कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रत बीडच्या. बेळगावात अडकला असेल तर तिथल्या उपायुक्तांना, आणि प्रत गावाकडच्या जिल्हाधिकाऱ्यांना. दोन्हीकडे पाठवा. घरी परतल्यावर पुनर्वसनासाठी गावाकडच्या कार्यालयाशीच गाठ पडणार असते.

अर्ज मजुराने, त्याच्या नातेवाइकाने, संघटनेने किंवा कुणाही नागरिकाने केला तरी चालतो. साध्या कागदावर असा लिहा:

"प्रति, मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा दंडाधिकारी. विषय: बंधबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६ अन्वये वेठबिगार मजुरांची ओळख, मुक्तता व पुनर्वसन करणेबाबत. महोदय, सोबतच्या यादीतील मजूर … या ठिकाणी … यांच्याकडे … पासून काम करीत आहेत. त्यांनी … रुपये उचल घेतली असून ती फिटेपर्यंत त्यांना काम सोडू दिले जात नाही, तसेच किमान वेतन दिले जात नाही. ही बाब संविधानाच्या अनुच्छेद २३ चा भंग करणारी आहे. मजुरांना दुसरीकडे हलवले जाण्याची शक्यता असल्याने तातडीने जागेवर चौकशी करावी, मालकापासून दूर नेऊन स्वतंत्र जबाब घ्यावेत, प्रत्येक मजुरास मुक्ती प्रमाणपत्र द्यावे, गुन्हा नोंदवावा आणि तातडीची मदत द्यावी, ही विनंती."

मजकुरात 'थकीत मजुरी मिळवून द्यावी' एवढेच लिहू नका. तसे लिहिले की अर्ज कामगार कार्यालयाकडे वर्ग होतो, तडजोडीची तारीख पडते आणि मजूर भट्टीवरच राहतो. मजुरीची मागणी जरूर करा, पण ती शेवटी.

अर्ज समक्ष द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. त्याच दिवशी ई-मेल आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या, ती का ते पुढे येईल.

प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात या कायद्याखाली दक्षता समिती असावी लागते. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. समितीवर कोण आहे ते अर्ज देतानाच विचारून घ्या. ओळखीचा एखादा सदस्य निघाला तर चौकशीच्या दिवशी तो सोबत असणे फार उपयोगी पडते.

चौथी पायरी: चौकशीचा दिवस

महसूल अधिकारी, पोलीस आणि शक्यतो कामगार विभागाचा माणूस असे पथक जागेवर जाते. प्रकरण तरते किंवा बुडते ते याच दोनतीन तासांत.

मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेला असताना "तुम्हाला काही त्रास आहे का?" असे विचारले तर मजूर "नाही साहेब" म्हणणारच. तोच प्रश्न तहसील कचेरीत, दार लावून, बाईला वेगळे बसवून, ओळखीच्या माणसासमोर आणि तिच्या बोलीत विचारला की उत्तर बदलते. म्हणून जबाब कामाच्या जागी घेऊ नयेत, असा आग्रह सुरुवातीलाच धरा. कातकरी, कोलाम, पारधी कुटुंबे असतील तर त्यांची बोली समजणारा माणूस हवा. बाईचा जबाब बाई अधिकाऱ्याने घ्यावा.

प्रश्नही नेमके हवेत. "तुम्ही वेठबिगार आहात का?" या प्रश्नाला अर्थ नाही. "उद्या सकाळी निघून गेलात तर काय होईल?", "मागच्या होळीला गावी गेला होतात का, कुणाला मागे ठेवून?", "हिशोब कधी बघितला?", "दुसऱ्या मुकादमाकडे जायचे म्हटले तर?" असे विचारले की चित्र उभे राहते. जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नये. 'राजीखुशीने', 'कोणतीही तक्रार नाही' असले शब्द शिरले आहेत का, ते बघा.

मजूर बाहेर पडतील तेव्हा त्यांचे सामान, भांडी, कोंबड्या, शेरडे, सायकल, कागदपत्रे सोबत आली पाहिजेत. मागे राहिलेले सामान आणायला गेलेला मजूर पुन्हा अडकतो. ठेवून घेतलेले आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि मालकाकडची हिशोबाची वही पंचनाम्यात घ्यायला लावा.

मुले असतील तर त्यांची नोंद वेगळी. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच धंद्यांत गुन्हा आहे, आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. या मुलांना बाल कल्याण समितीसमोर न्यावे लागते. मेंढपाळाकडे थोड्या पैशांवर किंवा एखाद्या मेंढीच्या बोलीवर ठेवलेले कातकऱ्याचे पोर एकटेच राबत असते, आईबाप दुसऱ्या तालुक्यात. त्याला 'कामाला ठेवलेले' म्हणतात, पण तेही बंधबिगारच. त्याच्या नावे स्वतंत्र प्रमाणपत्र मागा.

पाचवी पायरी: मुक्ती प्रमाणपत्र

सगळ्या कागदांत हा एक कागद जिवापाड जपायचा. दंडाधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचे हे प्रमाणपत्र सांगते की अमुक व्यक्ती बंधबिगार होती, अमुक तारखेला मुक्त झाली आणि तिच्यावरचे कर्ज संपले. ते नसेल तर पुनर्वसनाचा रुपया मिळत नाही, आणि उद्या मुकादम दारात आला तर दाखवायला काही राहत नाही.

प्रमाणपत्र कुटुंबाला एक देऊन भागत नाही. राबणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला वेगळे हवे, बाईला आणि मुलालाही. नावाचे स्पेलिंग आधार आणि पासबुकाशी जुळते का बघा, एका अक्षराच्या फरकाने पुढे पैसे अडकतात. मालकाचे नाव, कामाचे ठिकाण, कायद्याचे नाव आणि तारीख आहे का तेही पाहा. 'सदर मजुरांना त्यांच्या गावी पाठविण्यात आले' असे साधे पत्र मिळाले तर ते मुक्ती प्रमाणपत्र नव्हे. असे पत्र घेऊन लोक आनंदाने घरी जातात आणि तिथे सगळे संपते. तेच पत्र जोडून, प्रमाणपत्राची लेखी मागणी त्याच दिवशी करा. दाखला मिळाल्यावर रंगीत प्रती काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरात नव्हे तर विश्वासाच्या ठिकाणी ठेवा. झोपडीतला कागद एका पावसात जातो.

सहावी पायरी: गुन्हा योग्य कलमांनी नोंदवा

७६ च्या कायद्यातील कलम १६, १७, १८ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना नोंद टाळता येत नाही. पण ते जामीनपात्रही आहेत. एवढीच कलमे लावली तर मालक लगेच जामिनावर सुटून येतो. म्हणून घडले असेल ते सगळे जबाबात आले पाहिजे आणि त्याला लागणारी बाकीची कलमेही लावून घेतली पाहिजेत.

भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ मानवी अपव्यापाराचे आहे. फसवून, धाकाने किंवा गरिबीचा गैरफायदा घेऊन शोषणासाठी माणसे आणली असतील तर ते लागते, त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि एकाहून जास्त माणसे किंवा अल्पवयीन मूल असेल तर किमान दहा. कलम १४६ इच्छेविरुद्ध श्रम करायला लावण्याचे. डांबून ठेवले असेल तर त्याचे कलम वेगळे. मजूर अनुसूचित जातीजमातीचा आणि मालक त्याबाहेरचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(ह), म्हणजे इंग्रजी प्रतीतले 'एच', खास बेगारीसाठीच आहे. त्यात अटकपूर्व जामीन मिळत नाही, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि पीडिताला स्वतंत्र आर्थिक मदत मिळते. मुलाला कामाला जुंपले असेल तर बाल न्याय कायद्याचे कलम ७९, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जे घडले नाही त्याचे कलम मागू नका, एका खोट्या ओळीने खरे प्रकरण ढासळते.

घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून पोलीस परत पाठवत असतील तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवणे त्यांना बंधनकारक आहे. नोंदच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा आणि पावती जपून ठेवा, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाताना ती लागते.

इकडे मुकादमही "उचल घेऊन पळाला" म्हणून फसवणुकीची तक्रार देतो. मजूर घाबरतो तो इथेच. मुक्ती प्रमाणपत्राची प्रत जोडून त्या ठाण्याला लेखी कळवा की हे कर्ज कायद्याने संपलेले आहे. वसुलीचा दावा लागलाच तर मजुराच्या बाजूने लढणे हे दक्षता समितीचेच काम आहे, तसे कलम १४ मध्ये लिहिलेले आहे. ही तरतूद फार थोड्या समित्यांना माहीत असते, म्हणून लेखी मागा.

सातवी पायरी: मदतीचे पैसे

केंद्राच्या पुनर्वसन योजनेत सुटकेनंतर जिल्हा प्रशासनाने लगेच ३०,००० रुपयांपर्यंत मदत द्यायची असते. त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहायची नाही. यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे किमान १० लाखांचा कायमचा निधी असावा असे योजनेतच आहे, तेव्हा "वरून पैसे आले नाहीत" हे उत्तर स्वीकारू नका.

पुढची पुनर्वसनाची रक्कम प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, आणि लैंगिक शोषण, अपव्यापार अशा अतिशय गंभीर प्रकरणांत, तसेच अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींना ३ लाख रुपये. ही रक्कम गुन्हा सिद्ध होण्याशी जोडलेली आहे, आणि खटले रेंगाळत असल्यामुळे ती वर्षानुवर्षे मिळत नाही. ही अट मला अन्यायाची वाटते: तपास ढिला पडला तर त्याची किंमत मजुराने का मोजावी? तरी योजनेत असेही आहे की दंडाधिकाऱ्यांना सकृद्दर्शनी वेठबिगारी आढळली असेल तर केवळ शिक्षा झाली नाही म्हणून प्रस्ताव अडवून ठेवायचा नाही. प्रस्ताव पाठवला का, कधी, जावक क्रमांक काय, हे दर महिन्याला लेखी विचारत राहा.

पैशांपलीकडची मदत बहुधा कुणी मागतच नाही. घरकुल, जमीन, शेरडे-गाय, रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, मुलांची शाळा, जातीचा दाखला हे सगळे पुनर्वसनात येते. यात आधी जातीचा दाखला, बँक खाते आणि जॉबकार्ड करून घ्या. दसऱ्याच्या आसपास मुकादम पुन्हा उचल घेऊन वस्तीवर येतो. तोवर हाताला काम आणि घरात धान्य नसेल तर सुटलेले कुटुंब त्याच गाडीत बसते. मजूर मालकाच्याच जागेत राहत असेल तर सुटका झाली म्हणून त्याला त्या घरातून काढता येत नाही (कलम ८).

कार्यालयाने अडवले तर

अर्ज दिला आणि काही हलले नाही, तर माहिती अधिकारात 'अर्जावर काय कारवाई झाली' हे विचारा. माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अडकलेल्या मजुराच्या बाबतीत ही तरतूद अर्जावर ठळक लिहा, नाहीतर अर्ज नेहमीच्या ३० दिवसांच्या गठ्ठ्यात जातो.

मानवी हक्क आयोगाकडे मराठीतून तक्रार करता येते, शुल्क नाही, घटनेपासून एका वर्षाच्या आत करायची. राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांकडे एकाच वेळी पाठवू नका. राज्य आयोगापुढे प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोग ते हाती घेत नाही.

सगळ्यात कमी वापरले जाणारे आणि सगळ्यात उपयोगी दार विधी सेवा प्राधिकरणाचे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळावा याची यादी आहे, आणि तीत अनुच्छेद २३ मधील अपव्यापाराचा किंवा बेगारीचा बळी असे सरळ नाव घेऊन म्हटले आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते, हेल्पलाइन १५१००. प्राधिकरणाच्या सचिवपदी न्यायिक अधिकारी असतो. त्यांचे एक पत्र गेले की महसूल कार्यालयातली फाइल हलते.

तरीही माणसे अडकलेलीच असतील तर उच्च न्यायालय. अनुच्छेद २२६ खाली मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूर, जिथली हद्द असेल तिथे याचिका करता येते. डांबून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी हेबियस कॉर्पसची मागणीही करता येते. उच्च न्यायालयातही मोफत वकील विधी सेवा समितीमार्फतच मिळतो. त्यासाठी लागणारी कागदपत्रे म्हणजे अर्जाची शिक्का असलेली प्रत, स्पीड पोस्टची पावती, मजुरांची यादी आणि वहीच्या पानांचे फोटो. ती एका पाकिटात तारखेच्या क्रमाने लावून पहिल्या दिवसापासून तयार ठेवा.